हौद्यातलं झाकण

मी सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली. सांगायचं कारण एवढंच, की बाईला गाडीतलं काय कळतंय असं समजून कुणी माझ्याशी बोलायला लागलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आमच्या अलायन्स गावच्या बर्फात, वाऱ्यात, समोरचं शेत दिसेनासं होईल अशा धुळीत पन्नास-पन्नास पोरं मागं बसवून मी गाडी हाकलीय आणि एकाला साधं खरचटू दिलेलं नाही. माझा नवरा ड्वेन कोल्ब, तो जन्मभर रेल्वेत. रेल्वेला स्टिअरिंग नसतं, हे मी त्याला लग्नापासून ऐकवत आलेय. तो हसतो. ड्वेनला कशाचंही नुसतं हसता येतं.

चाळिशीपासून मी एकच गोष्ट मागत होते. ज्या वर्षी बसची किल्ली परत देईन, त्या वर्षीचा हिवाळा मला बर्फाशिवाय हवा. बाकी काही नको. दागिना नको, युरोप नको. फक्त एक हिवाळा असा, की सकाळी उठून काच खरवडायची नाही. मागच्या वसंतात आम्ही कॅम्पर घेतला. एकोणतीस फुटी, आत पलंग, चूल, न्हाणी, आणि भांडी घासायच्या जागेवर अशी खिडकी की मी दुकानातच म्हटलं, ह्या खिडकीतून मला समुद्र बघायचाय. टेक्सासच्या किनाऱ्यावर पोर्ट अरान्ससला एक नोव्हेंबरपासून पाच महिन्यांसाठी जागा धरली, आगाऊ पैसे भरले. मे महिन्यात बसची किल्ली देऊन टाकली. आणि घर रिकामं कशाला ठेवायचं, म्हणून त्याच एक नोव्हेंबरपासून इस्पितळात करारावर येणाऱ्या मारिसेला नावाच्या नर्सला भाड्यानं दिलं, कागद करून. म्हणजे बघा, त्या तारखेनंतर आमच्या डोक्यावर कॅम्परचं छप्पर सोडून दुसरं छप्पर नव्हतं. ते छप्पर ओढून न्यायला ट्रक भक्कम हवा, एवढाच प्रश्न उरला होता.

आमचा जुना ट्रक, इकडे सगळ्यांकडे असतो तसा मागं उघड्या हौद्याचा, भक्कम नव्हता. हे आम्हाला जूनमध्ये कळलं, हॉट स्प्रिंग्सच्या वाटेवर. पहिलीच फेरी. पाइन रिजचा चढ त्यानं कण्हत-कुथत काढला, पण उताराला बाजूनं वारा धरला आणि कॅम्पर डोलायला लागला. आधी थोडा, मग जास्त, मग इतका की ट्रकच त्याच्याबरोबर डोलायला लागला. तेवढ्यात शेजारून गुरांनी भरलेला मोठा ट्रक सणकन गेला. ड्वेनचा चेहरा पांढराफटक.

"ब्रेक नको! ड्वेन, ब्रेकला हात लावू नकोस! पायाखालचं सोड, नुसतं सोड!" मी ओरडले.

त्यानं ऐकलं, म्हणून आज मी हे सांगतेय. कडेला थांबलो तेव्हा त्याला स्टिअरिंगवरचे हात काढता येईनात. मी उतरून गवतात बसले. मग आडवाटेनं चाळीसच्या वेगानं घरी आलो.

आता ह्यात चूक कुणाची, ते सांगते, कारण ही चूक इकडे घरोघरी होते. ट्रक विकणारे मोठ्या आकड्यात लिहितात, हा अकरा हजार पौंड ओढतो. पुरुषमंडळी तो आकडा पाठ करतात आणि सहकारी धान्यकोठारावर कॉफी पिताना एकमेकांना ऐकवतात. पण ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असते. ट्रक पाठीवर किती घेऊ शकतो, ते तिच्यावर असतं. ती कुणी वाचत नाही. आमच्या जुन्या ट्रकच्या चिठ्ठीवर तेराशे ऐंशी पौंड. कॅम्पर जोडायची दांडी एकटीच ट्रकवर हजारभर पौंड टेकते. वर आम्ही दोघं, आणि आम्ही काही चवळीच्या शेंगा नाही. वर ड्वेनची हत्यारांची पेटी, जनरेटर, जळाऊ लाकडं. कॅम्पर ओढायच्या आधीच बिचाऱ्याची कंबर मोडली होती.

मग जुलैभर मी चष्मा आणि वही घेऊन ट्रक बघत हिंडले. स्कॉट्सब्लफला जुन्या गाड्यांच्या एका दुकानात किप नावाचा तरणा विक्रेता होता.

"मॅम, हा बारा हजार ओढतो," तो म्हणाला.

"ओढतो रे बाबा. पाठीवर किती घेतो ते बोल."

त्याला माहीत नव्हतं. मी दार उघडून वाचलं. तीन हजार चाळीस. करड्या रंगाचा, पाऊण टनी म्हणतात त्यातला, पेट्रोलवर चालणारा, तीन वर्षं वापरलेला. आमच्या कॅम्परला पुरून उरला असता. मी वहीत त्याच्याखाली दोन रेघा मारल्या आणि घरी येऊन ड्वेनला म्हटलं, सापडला.

आणि इथून ड्वेनच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. जो माणूस घरातला टोस्टर निवडायला येत नाही, तो रोज संध्याकाळी फोनवर ट्रक बघत बसायला लागला. त्याला त्याच दुकानातला दुसरा हवा होता. एक टनी, डिझेलचा, मागं चार चाकांचा. बासष्ट हजार डॉलर. माझा करडा त्यापेक्षा एकवीस हजारांनी स्वस्त.

"ड्वेन, आपल्याला पत्र्याचा डबा ओढायचाय. त्याला मागं चार चाकं? घर ओढतोयस का तू?"

"टेक्सासला वारा असतो."

"वारा इथं कमी आहे का?"

त्यावर तो फोनमधले ट्रक परत चाळायला लागला. ड्वेनचं हे असंच. तोंडावर कधी काही बोलणार नाही, आणि जे हवं ते सोडणारही नाही. तीन दिवसांनी मी भांडी पुसत होते, तो मागून आला आणि हळूच म्हणाला, "आर्लेट, त्या दिवशी उताराला मी फार घाबरलो गं. माझं मला काही वाटलं नाही. तू शेजारी होतीस. तू शेजारी असताना मला परत तसं घाबरायचं नाहीये."

अहो, हा माणूस आईच्या मयतीला रडला नव्हता. एकोणतीस वर्षांत मला त्यानं असं काही म्हटलेलं मला आठवत नाही. मी फडकं खाली ठेवलं. माझ्या आईच्या कुरणातला माझा हिस्सा मार्चमध्ये विकला होता, ते पैसे बँकेत होते. त्यातले चाळीस हजार मी मोजून दिले आणि उरलेल्याचं कर्ज दोघांच्या नावावर काढलं. सही करताना मला रडू आवरेना. किप मला कागदी रुमाल देत होता आणि मी त्याला सांगत होते, माझ्या नवऱ्याला माझी काळजी वाटते म्हणून घेतोय हा ट्रक. काय ती मी वेडी!

आता ट्रेंटचं सांगायला हवं. ट्रेंट म्हणजे ड्वेनच्या पहिल्या बायकोचा मुलगा. नऊ वर्षांचा असताना आमच्या लग्नात पाहुण्यांच्या कोटांत लपून बसला होता. आता अडतीसचा आहे, वीस मैलांवर हेमिंगफर्डला राहतो. त्याचा शाळेचा डबा मी केला, त्याला गाडी चालवायला मी शिकवली, त्याचं लग्न मोडलं तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला, बापाजवळ नाही. मला तो आर्लेट म्हणतो. आई म्हण असं मी कधी म्हटलं नाही, त्याची आई जिवंत आहे. दर रविवारी तो राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खायला यायचा. ह्या उन्हाळ्यात मात्र तो येईना. दोनदा बोलावलं, काम आहे म्हणाला. मी ड्वेनबरोबर रोल पाठवले. पातेलं न धुता परत आलं. मी म्हटलं, असेल बाई कामात.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रक घरी आला. आमची गल्ली जमली. शेजारच्या ओरव्हिलनं चाकांना लाथा मारून बघितल्या, आणि ड्वेन दार उघडून सगळ्यांना इंजिनाचा आवाज ऐकवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून मी माझं काम केलं. बस चालवणाऱ्यांना ती सवयच असते. गाडी सुरू करायच्या आधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायची, डावीकडून सुरुवात, दिवे, टायर, नट, खाली वाकून तेल गळतंय का, मागचं दार, आत काही राहिलंय का. सत्तावीस वर्षं रोज सकाळी. गाडी नवी असो, कुणाची असो, फेरी मारल्याशिवाय माझा हात किल्लीकडे जात नाही.

मागं आले, फळकं पाडलं, हौद्यात चढले. तळाला रबराची चटई होती, ती उचलली. बरोबर मधोमध, मागच्या आसाच्या वर, पत्र्यात एक गोल झाकण. झाकण काढलं. आत मुठीपेक्षा मोठा पोलादी गोळा उलटा करून ठेवलेला, ग्रीस लावलेला.

आमचा कॅम्पर ट्रकच्या पाठीमागं, बंपरखालच्या हुकाला लागतो. हौद्यातल्या गोळ्याशी त्याचा काही संबंध नाही. तो गोळा लागतो उंच वाकड्या मानेच्या ट्रेलरना, ज्यांची मान हौद्यावरून आत येऊन वरून बसते. गुरं नेणारे, यंत्रं नेणारे, लोखंड नेणारे, पोटासाठी ओढणारे लोक ते वापरतात. मनात म्हटलं, आधीच्या मालकाचा असेल. मग चटईखाली बोट फिरवलं. भोक पाडताना निघतात तशी लोखंडाची बारीक वेटोळी होती, चकचकीत. एकालाही गंज नव्हता.

आठ वाजता दुकान उघडल्याबरोबर मी फोन केला.

"किप, हौद्यात तो गोळा तुम्ही बसवलात का?"

"हो मॅम! नीट बसलाय ना? ट्रेंटनं स्वतः येऊन जागा बघून घेतली होती. तीनदा आला तो. खरं सांगू का, हा ट्रक त्यानंच निवडला, अगदी कितीच्या गिअरचा हवा इथपासून. फार हुशार मुलगा आहे तुमचा." मग मी "ट्रेंट?" एवढंच म्हटलं, तसा त्याचा आवाज बारीक झाला. "मॅम? तुम्हाला माहीत होतं ना?"

मी फोन ठेवला.

ड्वेन अंगणात गवत कापत होता. मी जाऊन यंत्र बंद केलं.

"हौद्यातला गोळा कशाला आहे?"

"तो? तो ट्रकबरोबरच येतो. सगळ्यांना येतो."

इतकं सहज! डोळ्यांत बघून! बत्तीस दारं उघडून चिठ्ठ्या वाचणाऱ्या बायकोला हा माणूस सांगतोय, सगळ्यांना येतो. मी एकच वाक्य बोलले. "ट्रकमध्ये बस."

"कुठं?"

"बस म्हटलं ना!"

हेमिंगफर्डपर्यंत मी चालवत होते आणि तो खिडकीबाहेर बघत होता. वीस मैल. त्यानं एकदा घसा खाकरला, एवढंच. मला वाटत होतं, आता बोलेल, आता तरी बोलेल. अहो, मी वेग कमी केला होता त्याच्यासाठी. नाही बोलला.

ट्रेंटच्या अंगणात ट्रेलर उभा होता. तीस फूट, सपाट, काळा, वाकड्या मानेचा, अजून एकही ओरखडा नसलेला. आणि बाजूच्या पट्टीवर लाल अक्षरांत रंगवलेलं, 'कोल्ब आणि मुलगा, मालवाहतूक'. मी ते दोनदा वाचलं. कुरण माझ्या आईचं, आणि नाव कुणाचं, तर कोल्ब आणि मुलगा.

ट्रेंट हात पुसत बाहेर आला. आधी ट्रककडे बघितलं, मग माझ्याकडे. "आर्लेट," म्हणाला, परक्या बाईला म्हणावं तसं.

"ट्रेलर छान आहे रे. आमच्या ट्रकला लागतो का?"

त्यानं बापाकडे बघितलं. बाप बुटांकडे बघत होता.

"म्हणजे डॅडनं सांगितलं तुला."

"डॅड काय सांगतोय! हौद्यात चढले, तेव्हा कळलं."

ट्रेंटनं टोपी मागं सरकवली. "मग ऐक. पंधरा ऑक्टोबरपासून वायोमिंगच्या तेलविहिरींना पाइप पोचवायचं काम मिळालंय मला. एप्रिलपर्यंत. घटस्फोटानंतर बँक मला सायकलसुद्धा देत नाही, तुला माहितीय. हप्ते मीच भरणार होतो. फुकट नको होतं मला. म्हणून तर मी तुला सरळ विचारलं होतं. जूनमध्ये."

"मला? कधी विचारलंस?"

"डॅडच्या हाती निरोप दिला. त्याला म्हटलं, तू आर्लेटशी बोल, तिचे पैसे आहेत, तिनं हो म्हटलं तरच. तर तू काय सांगून पाठवलंस?" आता त्याचा आवाज चढला. "तुझा पोरगा आहे, तुझं तू बघ. माझ्या आईच्या पैशाला हात लावायचा नाही. असं म्हणालीस ना? मग आम्ही आमचं बघितलं."

तुझा पोरगा! एकोणतीस वर्षांत हा शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही. रागात नाही, भांडणात नाही, पोलिसांनी त्याला सतराव्या वर्षी दारू पिऊन गाडी चालवताना धरलं त्या रात्रीसुद्धा नाही. म्हणून तो उन्हाळाभर येत नव्हता. म्हणून पातेलं तसंच आलं होतं. तीन महिने माझा मुलगा मला कंजूष, कैदाशीण समजत होता आणि मी त्याला रोल करून पाठवत होते. आणि ते रोल घेऊन जाणारा, पातेलं घेऊन येणारा सगळं जाणत होता.

"ड्वेन," मी म्हटलं, "मी असं म्हणाले?"

"तू तसंच म्हणाली असतीस."

"म्हणाले का?"

"नाही," तो म्हणाला.

"तू मला विचारलंस तरी का?"

"नाही."

ट्रेंटनं तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. ती माझ्यासाठी नव्हती.

"आणि एक नोव्हेंबरला? त्या नर्सला काय सांगणार होतास? आपण राहणार कुठं होतो?"

"वेळ आली की बघितलं असतं काहीतरी," ड्वेन म्हणाला. "टेक्सास काय, पुढच्या वर्षीही तिथंच आहे."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो बसलेला. "आणि ते? उताराला घाबरलो, तू शेजारी होतीस, ते? तेही ह्याच्यासाठीच होतं?"

"ते खरं होतं, आर्लेट. शप्पथ."

"असेल. पण आता मी ते कसं ठेवू माझ्याजवळ? सांग ना!"

मी ट्रेंटकडे वळले. "मला विचारलं असतं ना, तर मी दिले असते रे. हसत दिले असते. तुझ्यासाठी काय मी नाही म्हटलंय आजवर?"

ट्रेंटनं टोपी काढली. जरा वेळ ती हातात फिरवत राहिला, आणि मग पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "मग आता विचारतो. डॅड मधे नाही. मी तुला विचारतो. आर्लेट, एप्रिलपर्यंत हा ट्रक मला देशील का?"

खरं सांगते, हो माझ्या जिभेवर होतं. तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. एवढं बोलून बसल्यावर दुसरं काय म्हणणार? पण मला ती भांडी घासायच्या जागेवरची खिडकी दिसली, आणि तिच्याबाहेर आमचंच अंगण, बर्फानं भरलेलं. पाच महिने. आणि तोंडून निघालं, "नाही."

तिघांनाही ते ऐकून धक्का बसला. मला सगळ्यात जास्त.

ट्रेंट मान हलवत राहिला. "ठीक आहे," म्हणाला. "विचारलं, उत्तर मिळालं. ठीक आहे."

आणि तेव्हा माझा नवरा, जो तासभर बूट मोजत होता, तो मान वर करून पोराला म्हणतो, "बघितलंस? मी काय म्हणत होतो?"

त्याच्या तोंडावर आनंद होता हो! सुटल्यासारखा. जणू मी नाही म्हटल्यावर त्याचं सगळं माफ झालं.

"हो, मी नाही म्हणाले," मी म्हटलं. आता आवाज आला, आणि चांगलाच आला, पलीकडच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली. "आज म्हणाले! फसवून झाल्यावर, लाज काढून झाल्यावर, तीन महिने ह्या पोराच्या मनात माझ्याविषयी विष कालवून झाल्यावर म्हणाले! जूनमध्ये तू विचारायला हवं होतंस. जूनमध्ये मी काय म्हणाले असते, ते आता मला कधीच कळणार नाही. हो म्हणणारी होते की नाही, माझं मला माहीत नाही! ते तू घेतलंस माझ्याकडून. चाळीस हजार राहू देत बाजूला, ते घेतलंस!"

ट्रेंट म्हणाला, "तुम्ही दोघं जा आता." बापाला म्हणाला की दोघांना, कळलं नाही. त्यानं ट्रेलरवरच्या अक्षरांवर हात ठेवला होता, रंग ओला आहे का बघावं तसा.

त्यानं ट्रेलर विकला, घेतला त्याहून कमीला. आता वायोमिंगमधल्या जिलेटला दुसऱ्या कुणाचा ट्रक चालवतो, मजुरीवर. मी निरोप पाठवते. तो वाचतो, ते फोनवर दिसतं. उत्तर येत नाही. एकदा वाटलं, जाऊन ट्रक देऊन यावा. मग वाटलं, आता दिला तर तो ती दया समजेल, घेणार नाही, आणि मीही प्रेम म्हणून देत नसेन. नाही गेले.

मैत्रिणी म्हणाल्या, त्या ड्वेनला सोड. कुठं सोडू? एक नोव्हेंबरला मारिसेला तिच्या दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली आणि आम्हा दोघांनाही घराबाहेर पडावं लागलं. त्याच्या बहिणीनं त्याला ठेवून घेतलं नाही, तिला सगळी हकिगत कळली होती. तो कॅम्परजवळ आपली पेटी घेऊन उभा राहिला. चढू का, जाऊ का, काही विचारत नव्हता. नुसता उभा. मी दांडी हुकाला लावली, साखळ्या अडकवल्या, माझी फेरी मारली, आणि शेजारच्या सीटचं दार उघडून दिलं. ते प्रेमानं दिलं असं कुणी समजू नये. थंडी होती.

ट्रकबद्दल मात्र नाव ठेवायला जागा नाही. मागं साडेसात हजार पौंडाचा कॅम्पर होता, बाजूनं वारा होता, मोठमोठे ट्रक शेजारून जात होते, आणि मला स्टिअरिंगवर एक बोट ठेवून चालवता येत होतं. मागं काही आहे असं जाणवतच नव्हतं. ट्रेंटनं फार बारकाईनं निवडला होता तो. दर चढाला मला त्याची आठवण येत होती आणि मी रडत गाडी चालवत होते. ड्वेनला ते दिसत होतं. त्यानं खिडकीकडे तोंड केलं होतं.

दोनशे मैल गेले. कॅन्ससची हद्द ओलांडल्यावर डिझेल भरायला थांबले. तो उतरला, दार धरून क्षणभर घुटमळला, आणि म्हणाला, "आर्लेट, कॉफी घेशील का?"

मी त्याच्याकडे बघितलं.

"हे मात्र विचारलंस," मी म्हटलं.